मुखवटा कुणापुढे काढायचा?

२०१६च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं. पहिला महिना फुकट होता. सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीत दोन कॉट, एक लॅपटॉप आणि शेजारच्या मेसचं वायफाय एवढी सामग्री होती. त्या फुकटच्या महिन्यात मी आणि माझ्या रूममेटने 'डेअरडेव्हिल'चा पहिला सीझन पाहून संपवला.

रूममेट वसईचा, कॅथलिक. घरी मराठीत प्रार्थना म्हणणारा, नाताळात घरून डबाभर गोड आणणारा. मालिकेचा नायक मॅट मर्डॉक पहिल्याच भागात चर्चमध्ये पापनिवेदनाला बसतो. जाळीपलीकडे फादर लँटम. मॅट वडिलांबद्दल बोलतो. ते मुष्टियोद्धे होते, हरत राहायचे. आजी म्हणायची की मर्डॉकांच्या पोरांत सैतान असतो. शेवटी तो क्षमा मागतो, पण केलेल्या पापाची नाही, पुढे करणार आहे त्याची. यावर माझा रूममेट खो खो हसला. म्हणाला, "अरे, हे पापनिवेदन नाही, हे तर आगाऊ बुकिंग झालं!"

मीही हसलो. पण त्या वेळी मी त्याच्यापासून एक गोष्ट लपवत होतो. आदल्या वर्षीची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा मी दिलीच नव्हती. सकाळी डबा आणि हॉलतिकीट घेऊन निघालो होतो, दिवसभर सारसबागेत बसलो होतो आणि संध्याकाळी पेपर कसा गेला ते त्याला रंगवून सांगितलं होतं. निकालानंतर 'कटऑफ थोडक्यात हुकला' असंही सांगितलं. त्याने त्या दिवशी चहाचे पैसे मला देऊ दिले नव्हते.

हा लेख माझ्या खोटेपणाबद्दल नाही. सुपरहिरोंच्या मालिकांमध्ये ख्रिस्ती विचार कुठून आला, मैत्री आणि ओळख या दोन गोष्टींना त्याने कसं जोडलं, त्याची ही गोष्ट आहे. पण ती मला का सांगाविशी वाटते, हे आधी सांगितलेलं बरं. (मालिकेतले शेवट पुढे येणार आहेत. पाहायची राहिली असेल तर इथेच थांबा.)

तारणहार की पापी?

सुपरहिरो आणि ख्रिस्ती धर्म म्हटलं की बहुतेकांना सुपरमॅन आठवतो. दूरच्या आकाशातून बाप आपल्या एकुलत्या एक मुलाला पृथ्वीवर पाठवतो, मुलगा साध्या घरात वाढतो आणि मोठा झाल्यावर सगळ्यांना वाचवतो. साम्य उघड आहे. गंमत अशी की १९३८ साली सुपरमॅन जन्माला घालणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोघे क्लीव्हलंडचे ज्यू तरुण होते. टोपलीत घालून नदीत सोडलेल्या मोशेशी त्यांच्या बाळाचं नातं जास्त जवळचं आहे, असं कित्येक अभ्यासक म्हणतात. ख्रिस्ताची छाया पुढच्यांनी गडद केली. २००१च्या 'स्मॉलव्हिल' मालिकेच्या पहिल्याच भागात शाळकरी क्लार्कला मक्याच्या शेतात खांबाला बांधतात, उघड्या छातीवर लाल एस रंगवतात. ते दृश्य क्रुसासारखं दिसावं म्हणूनच तसं रचलेलं आहे.

या पद्धतीत नायक म्हणजे ख्रिस्त आणि आपण सगळे वाचवले जाणारे. पाहायला भव्य वाटतं, पण मैत्रीला इथे जागा उरत नाही. तारणहाराचे भक्त असतात, शिष्य असतात. तारणहाराच्या खांद्यावर हात टाकून त्याला 'तू आज चुकलास' असं कोण सांगणार?

टीव्हीवर दुसरीही एक वाट होती. १९७७च्या नोव्हेंबरात 'द इनक्रेडिबल हल्क' सुरू झाली. ती बनवणाऱ्या केनेथ जॉन्सनच्या डोक्यात तेव्हा व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल' होती. बिशपच्या दयेने बदललेला, पण जुन्या ओळखीपासून जन्मभर पळणारा जाँ व्हालजाँ आणि त्याच्या मागावरचा इन्स्पेक्टर जाव्हेर. जॉन्सनने व्हालजाँच्या जागी डेव्हिड बॅनर आणला, जाव्हेरच्या जागी जॅक मॅगी नावाचा पत्रकार. हा नायक तारणहार नाही. तो अपराधी आहे, स्वतःच्या आतल्या रागाला घाबरलेला आहे. प्रत्येक भागात त्याला कुणीतरी माया लावतं आणि भागाच्या शेवटी तो खांद्यावर बॅग टाकून रस्त्याला लागतो. १९८२पर्यंत मालिका चालली आणि बॅनर चालतच राहिला. खरी ओळख सांगता येत नाही, म्हणून कुठेच थांबता येत नाही, असं त्याचं गणित होतं.

याच दुसऱ्या वाटेवर पुढे डेअरडेव्हिल उभा राहिला.

हेल्स किचनचा मुलगा

डेअरडेव्हिल कॉमिक्समध्ये आला १९६४ साली. स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी तो घडवला. आंधळा वकील, रात्री शिंगांचा मुखवटा घालणारा. तो न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागातला. मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूची ही वस्ती अनेक पिढ्या गोदीत आणि कारखान्यांत राबणाऱ्या आयरिश कुटुंबांची होती. १८४५नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं, लाखो लोक उपासमारीने मेले आणि लाखो बोटीत बसून अमेरिकेला आले. ते कॅथलिक होते आणि प्रॉटेस्टंट अमेरिकेला त्यांचा भरवसा नव्हता. हे लोक पोपशी इमान राखतील की देशाशी, असा तो संशय होता. १९२८ साली अल स्मिथ हा कॅथलिक नेता राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि त्याच्या धर्मावरून रान उठवलं गेलं. १९६० साली जॉन केनेडींनाही ह्यूस्टनमध्ये प्रॉटेस्टंट धर्मगुरूंसमोर उभं राहून आपली निष्ठा समजावून सांगावी लागली. दोन ओळखी घेऊन जगणं त्या वस्तीतल्या लोकांना नवीन नव्हतं.

तरी सुरुवातीच्या कॉमिक्समध्ये मर्डॉकचा धर्म ठळकपणे येत नाही. तो पुढे आणला फ्रँक मिलरने. १९७९ साली तो डेअरडेव्हिलची चित्रं काढायला लागला, नंतर लिहायलाही. दिवसा कायद्याची बाजू मांडायची आणि रात्री तोच कायदा मोडायचा, असं दुहेरी आयुष्य कॅथलिक माणसालाच जमेल, अशा अर्थाचं मिलर गमतीने बोललेला आहे. गमतीत तथ्य होतं. पाप करतोय हे माहीत असलेला, तरी करणारा आणि पुन्हा गुडघे टेकणारा माणूस त्याला हवा होता.

१९८६ साली मिलर आणि चित्रकार डेव्हिड मॅझुकेली यांनी 'बॉर्न अगेन' ही कथामाला केली. तिच्या भागांच्या नावांतच पर्गेटरी आहे, आर्मगेडन आहे. तिची सुरुवात एका विश्वासघाताने होते. मॅटची जुनी प्रेयसी कॅरन पेज व्यसनाच्या भरात एका डोससाठी त्याची खरी ओळख विकते. यहूदाने तीस नाण्यांना विकलं होतं, कॅरनने त्याहून स्वस्तात विकलं. मॅटचं घर, वकिली, मनाचा तोल सगळं जातं. एक नन त्याची शुश्रूषा करते, तीच त्याची आई असावी असं सुचवलं जातं. आणि कॅरन भेटते तेव्हा मॅट तिला जवळ घेतो. बायबलातल्या यहूदाला परत यायला वेळच मिळाला नाही. मिलरने आपल्या यहूदाला परत येऊ दिलं.

सेवक आणि मित्र

इथे थोडं मागे जावं लागेल, चांगलं दोन हजार वर्षं.

योहानच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या रात्रीचं मोठं संभाषण आहे. त्यातली मित्रासाठी प्राण देण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, सुपरहिरोंच्या सिनेमांनी ती घासून गुळगुळीत केली आहे. पण तिच्या लगेच पुढे येशू आणखी एक गोष्ट सांगतो, तिच्याकडे कमी लक्ष जातं. तो शिष्यांना सांगतो की आता तुम्ही माझे सेवक नाही, मित्र आहात. आणि कारण देतो. धनी काय करतोय हे सेवकाला ठाऊक नसतं. मी मात्र पित्याकडून जे ऐकलं ते सगळं तुम्हाला सांगितलं आहे.

म्हणजे इथे मैत्रीची कसोटी प्रेमाइतकीच माहितीचीही आहे. ज्याला सांगितलं तो मित्र. ज्याच्याकडून नुसतं काम करून घेतलं, तो सेवक.

मराठी माणसाला ही पायरी ओळखीची वाटेल. नवविधा भक्तीत सातवी दास्य, आठवी सख्य आणि नववी आत्मनिवेदन. 'दासबोधा'च्या चौथ्या दशकात रामदासांनी या नऊ भक्ती क्रमाने सांगितल्या आहेत. तिथलं आत्मनिवेदन म्हणजे देवापुढे 'मी'च विसर्जित करणं, त्यामुळे दोन्ही परंपरा एकच आहेत असं म्हणता येणार नाही. पण दास मोठा होऊन सखा होतो आणि सख्याच्या पुढे स्वतःला उघडं करणं असतं, हा क्रम दोन्हीकडे दिसतो. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापलं आणि पुढे रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, तेव्हा त्यांना ख्रिस्तासाठी परकी भाषा शोधावी लागली नाही. भक्तीची भाषा इथे तयारच होती.

युरोपात या विचाराला बाराव्या शतकात एक मोठा भाष्यकार मिळाला. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या रिव्हो मठाचा प्रमुख एल्रेड. त्याने मैत्रीवर संवादांच्या रूपात एक लॅटिन ग्रंथ लिहिला. तरुणपणी त्याने सिसेरोचं मैत्रीवरचं पुस्तक वाचलं होतं, पुढे त्यात त्याला ख्रिस्ताची उणीव भासायला लागली. तो म्हणतो की दोन मित्र बोलत बसतात तेव्हा तिथे तिसरा ख्रिस्त असतो. मित्राला तो मनाचा राखणदार मानतो. मित्राने गुपितं जपावीत आणि चुकलं तर तोंडावर सांगावं, ही दोन्ही कामं तो एकाच माणसाकडे देतो.

आणि १२१५ साली, रोमच्या चौथ्या लॅटरन परिषदेने नियम केला की प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूपुढे पापनिवेदन करावं. ऐकलेलं फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून जन्मभर मठात प्रायश्चित्त करायला लावावं, असंही त्यात होतं. सोळाव्या शतकात मिलानच्या चार्ल्स बोरोमिओने मधे जाळी असलेली लाकडी खोली रूढ केली. टीव्हीवर मॅट बसतो ती खोली हीच. जगातल्या एका माणसाला तरी तुम्ही खरे कोण आहात हे ठाऊक असलं पाहिजे, आणि त्याने ते कुणाला सांगता कामा नये. गुप्त ओळखीच्या सुपरहिरोला याहून योग्य जागा कुठली?

फॉगीचा प्रश्न

१० एप्रिल २०१५ला मालिका आली, तेव्हा तिच्यात फादर लँटम होता आणि फॉगी नेल्सन होता. एकाला मॅट जाळीआडून अर्धं सांगतो. दुसऱ्याला काहीच सांगत नाही. आणि फॉगी तर त्याचा कॉलेजपासूनचा खोलीसोबती, वकिलीतला भागीदार, सगळ्यात जवळचा माणूस.

दहावा भाग पाहाच. मुखवट्याखाली मॅट आहे हे फॉगीला कळलेलं आहे. जखमी मॅट कोचावर पडलाय आणि फॉगी प्रश्न विचारतोय. मधेमधे जुने दिवस येतात. दोघांची पहिली भेट, दारूच्या नशेत स्पॅनिश 'आबोगादो'चं, म्हणजे वकिलाचं, 'अ‍ॅव्होकॅडो' करून हसणं. फॉगी विचारतो, तू खरंच आंधळा आहेस का? मग त्याला कळतं की मॅटला समोरच्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, म्हणजे समोरचा खोटं बोलला की कळतं. इतकी वर्षं फॉगी खोटं बोलला तेव्हा मॅटला कळत होतं. आणि मॅट मात्र रोज खोटं बोलत होता.

वकील म्हणून फॉगीला कायदा मोडल्याचा राग आहेच. पण त्याच्या डोळ्यांत पाणी येतं ते या असमानतेने. एकाला सगळं दिसत होतं, दुसऱ्याला काहीच नाही. योहानच्या भाषेत सांगायचं तर आपण भागीदार आहोत असं समजणाऱ्या फॉगीला त्या रात्री कळलं की तो सेवक होता. भागाच्या शेवटी 'नेल्सन अँड मर्डॉक' ही पाटी तो कचऱ्यात टाकतो.

यावर सुपरहिरोंचं ठरलेलं उत्तर असतं, 'तुझ्या भल्यासाठी लपवलं.' शत्रूला कळलं तर तू संकटात येशील. हे उत्तर अगदीच खोटं नाही. 'बॉर्न अगेन'मध्ये एका नावामुळे केवढा विध्वंस झाला, ते आपण पाहिलं. पण या उत्तरात एक सोय लपलेली असते. ज्याला सांगितलं त्याला तुम्हाला थांबवायचा हक्क मिळतो. मॅटला संकटाइतकीच या हक्काची भीती वाटत होती. म्हणून तो फादरकडे जातो, पण तिथेही पुढच्या पापाची क्षमा मागून हक्क चुकवायचा प्रयत्न करतो. माझा रूममेट हसला तो यालाच.

२०१८च्या तिसऱ्या सीझनमध्ये हे टोकाला जातं. मरता मरता वाचलेला मॅट चर्चच्या तळघरात पडून आहे. ईयोबाच्या पुस्तकावरून तो देवावर चिडतो, आणि मॅट मर्डॉक म्हणून जगण्यापेक्षा डेअरडेव्हिल म्हणून मेलेलं बरं असं ठरवतो. मित्रांना जिवंत असल्याचंही कळवत नाही. मुखवटा इथे संरक्षण राहत नाही, तोच माणूस होऊन बसतो. मग शत्रू दुसऱ्याच माणसाला त्याचा वेष घालून चर्चवर सोडतात, आणि कॅरनवर आलेला वार फादर लँटम स्वतःवर घेऊन मरतो. मित्रासाठी प्राण देणारा या मालिकेत सुपरहिरो नाही, म्हातारा धर्मगुरू आहे. त्याच फादरने मॅटपासूनही एक मोठी गोष्ट लपवलेली असते. मॅटची शुश्रूषा करणारी सिस्टर मॅगी त्याची आई आहे. लँटमलाही क्षमेची गरज होती.

शेवटच्या भागात मॅट, फॉगी आणि कॅरन फॉगीच्या घरच्या मटणाच्या दुकानात बसलेले आहेत. फॉगी कागदी रुमालावर नव्या फर्मचं नाव लिहितो, या वेळी तीन नावं. पाटी कचऱ्यात गेली होती, तिच्या जागी रुमाल आला. तिघांनाही आता एकमेकांबद्दल सगळं ठाऊक आहे.

अर्धा गेला तर

मार्च २०२५मध्ये मालिका 'बॉर्न अगेन' या नावाने परत आली आणि पहिल्याच भागात फॉगीला मारलं. मॅट मारेकऱ्याला छतावरून ढकलून देतो, आणि मग मुखवटा उतरवून ठेवतो.

ऑगस्टीनने 'कन्फेशन्स' साधारण सन ४००च्या सुमारास लिहिलं. त्याच्या चौथ्या भागात त्याचा तरुण मित्र तापाने जातो. जिकडे बघावं तिकडे मित्र नाही, म्हणून गाव नकोसं होतं आणि ऑगस्टीन थागास्ते सोडून कार्थेजला निघून जातो. आपण निम्मेच उरलो असं त्याला वाटतं. पुढे तो स्वतःला दोष देतो, की मरणाऱ्या माणसावर तो कधी मरणारच नाही असं प्रेम केलं. हा दोष मला कधी पटला नाही. पण एवढं दिसतं की आपली ओळख आपल्या एकट्याजवळ नसते. तिचा मोठा भाग दुसऱ्याकडे ठेव म्हणून असतो. फॉगी गेला तेव्हा मॅटचा राखणदार गेला, आणि त्या छतावर मॅटने काय केलं ते आपण पाहिलं.

माझ्या रूममेटला माझं खोटं सीझन संपल्यावर दोन आठवड्यांनी कळलं, ते माझ्याकडून नाही. माझं न फाडलेलं हॉलतिकीट पुस्तकात सापडलं, त्यावर सहीशिक्का नव्हता. तो ओरडला नाही. परीक्षा का दिली नाहीस, असंही त्याने विचारलं नाही. म्हणाला, "मी चहाचे पैसे दिले तेव्हा तुला काय वाटलं?"

माझ्याकडे 'तुझ्या भल्यासाठी' हेसुद्धा उत्तर नव्हतं. मी त्याला सांगितलं की वाटलं होतं, आता खरं सांगितलं तर तू मला पुन्हा परीक्षेला बसवशील. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बसवलंच असतं."

त्या वर्षी आम्ही दोघांनीही परीक्षा दिली, दोघंही नापास झालो. तो आता वसईला परत गेलाय, मी नोकरीनिमित्त नाशिकला. गेल्या वर्षी मार्चमध्ये रात्री एक वाजता त्याचा मेसेज आला, नव्या सीझनचा पहिला भाग पाहू नकोस म्हणून. पाच मिनिटांनी दुसरा आला, पाहिलास तर फोन कर.

मी पाहिला. आणि फोन केला.